मधली पानं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. लेकीला सातवं लागलं, आता तिला मोठी स्वप्नं दाखवणारी पुस्तकं सुचव, असं तू लिहिलंस. आधी एक सांगतो: ज्यात ‘मोठी स्वप्नं बघ’ असं पानोपानी बजावलेलं असतं, ती पुस्तकं घेऊच नकोस. मुलांच्या मनात जे घर करतं, ते मधल्या पानांत असतं.

म्हणून चरित्र हातात घेतलंस की थेट मध्यावर उघड. सुरुवातीला हुशार मूल, शेवटी सत्कार आणि मध्ये नुसती कौतुकं असतील तर परत ठेव. असलं वाचून मुलाला वाटतं, ही माणसं जन्मतःच वेगळी, आपलं ते काम नव्हे. फसलेला प्रयोग, खाडाखोड केलेली वही, कशाला काय जोडलं, हे दिसायला हवं. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या विल्यम कामक्वाम्बाचं बघ. फी भरता येईना म्हणून शाळा सुटलेली, वय अवघं 14. गावच्या वाचनालयात शास्त्राच्या पुस्तकात त्याला पवनचक्क्यांचं चित्र दिसलं. इंग्रजी मजकूर नीट कळत नव्हता, आकृत्या मात्र कळत होत्या. सायकलचे सुटे भाग, भंगारातलं सामान आणि निलगिरीचे वासे जमवून त्यानं पवनचक्की उभी केली, घरात दिवे लावले. पुस्तकानं त्याला वस्तू आतून कशी चालते ते दाखवलं होतं.

आता वाचून दाखवण्याबद्दल. चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचं असतं, कारण छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या पडून त्याचा फर्मा, म्हणजे पानांचा एक गठ्ठा, 8 किंवा 16 पानांचा होतो. एवढ्या थोड्या जागेत लेखक उत्कंठा उजव्या पानाच्या शेवटी ठेवतो आणि उत्तर पान उलटल्यावर देतो. म्हणून उलटण्याआधी दोन-तीन सेकंद थांब. ‘आता पडणार तो!’ असं ती म्हणाली की ती गोष्टीत शिरली म्हणून समज. बहुतेक आईबाप नेमके इथंच घाई करतात आणि शेवटी तात्पर्य विचारतात. तात्पर्य विचारलं की गोष्टीची परीक्षा होते.

ती स्वतः वाचायला लागली तरी तुझं वाचून दाखवणं थांबवू नकोस. या वयात मुलं वाचून समजतात त्याहून बरंच अवघड ऐकून समजतात. तिनं एकटीनं वाचायचं पुस्तक निवडताना एक पान वाचायला दे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोडायला सांग. पाचही बोटं मोडली तर ते पुस्तक सध्या तू वाचायचं.

तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तरी कुरकुर करू नकोस. पहिल्या खेपेला गोष्ट पुढे काय होते यातच जीव अडकलेला असतो. चित्राच्या कोपऱ्यातली शिडी, दोरीची गाठ, चाकाचा आस या गोष्टी तिसऱ्या-चौथ्या खेपेला दिसायला लागतात.

आणि पुस्तकांच्या शेजारी पुठ्ठा, सुतळी, चिकटपट्टी असू दे. पुस्तकातलं चित्र बघून तिनं केलेलं यान कोसळलं तर तू दुरुस्त करायला बसू नकोस. तेच पान पुन्हा उघडून दोघं मिळून बघा, चित्रातल्या यानाला पाय किती आहेत ते.

तुझाच,
मित्र