‘कुठे अडलं?’ असं विचारणाऱ्या मॅडमना

मॅडम,
स. न. वि. वि.

परवा ग्रंथालयात वरून दुसऱ्या फळीवरचा जाडजूड शब्दकोश मी उजव्या हाताने काढला. वाचक तो घेऊन गेले आणि मग माझ्या लक्षात आलं, की डाव्या हाताची मदत मी घेतलीच नव्हती. आखडलेला उजवा खांदा, म्हणजे फ्रोझन शोल्डर, घेऊन तुमच्याकडे फिजिओथेरपीला पहिल्यांदा आले त्याला पंधरा महिने झाले. त्याच संध्याकाळी हे पत्र लिहायला घेतलं. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहितेय, कारण व्यायामाचा कागद घडी घालून कपाटात ठेवलेली मी एकटीच नसणार. तुमचं नाव मात्र घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तुमच्याआधी मी दुसरीकडे तीन महिने जात होते. तिथे नऊ व्यायामांचा छापील कागद मिळाला होता. प्रत्येक व्यायाम दिवसातून तीनदा, दर वेळी दहा आवर्तनं. गेलं की एकच प्रश्न व्हायचा, ‘व्यायाम करताय ना?’ मी ‘हो’ म्हणायचे. आधी ते निम्मं तरी खरं होतं, पुढे तेवढंही राहिलं नाही. खांदा आहे तिथेच आहे असं दिसल्यावर ‘तुमचीच इच्छाशक्ती कमी पडतेय’ असं ऐकावं लागलं आणि मी जाणंच सोडलं. कूस बदलली की कळ येऊन जाग यायची. केस बांधता येत नव्हते, पाठीमागचं हूक लावणं तर सोडूनच दिलं होतं. पण दुखण्यापेक्षा जास्त सलायचं ते हे, की यात चूक माझीच आहे.

तुमच्याकडेही मी तीच सवय घेऊन आले. दुसऱ्या भेटीला चौकोन आखलेली वही पुढे केली, सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा. चौदा दिवसांच्या खुणा एकाच पेनाने, एका बैठकीत केलेल्या. तुम्ही वही पाहिली, मिटली आणि सांधा किती अंश वळतो ते मोजायचं गोनिओमीटर काढलं. कोपर कुशीला टेकवून हात बाहेर वळवायला सांगितलंत. वीस अंश. चौदा दिवसांपूर्वीही वीसच होते. मी मान खाली घातली. आता बोलणी बसणार असं वाटलं होतं. तुम्ही खुर्ची जवळ ओढलीत आणि म्हणालात, ‘वही राहू दे. काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा. आपण कुठे अडलं ते शोधू.’

त्या वीस मिनिटांत जे निघालं, ते मला स्वतःलाही माहीत नव्हतं. कागद कपाटातल्या फाइलमध्ये होता, म्हणजे नजरेआड. निम्मे व्यायाम पलंगावर आडवं होऊन करायचे होते आणि रात्रपाळी करून आलेले माझे यजमान सकाळी त्याच पलंगावर झोपलेले असायचे. आणि सगळ्यात खाली दडलेली गोष्ट म्हणजे भीती. हात ताणला की दुखायचं आणि दुखलं की वाटायचं, आत काहीतरी फाटतंय. इच्छाशक्तीचा यात कुठे संबंध होता?

मग तुम्ही कागदाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडलात. नऊ गुणिले तीन गुणिले दहा, दोनशे सत्तर. ‘दुखरा खांदा रोज २७० वेळा हलवायचा? मलासुद्धा जमलं नसतं,’ असं म्हणून सात व्यायामांवर काट मारलीत. उरले दोन, दोन्ही उभ्याने करायचे. पुढे वाकून हात लंबकासारखा सैल झुलवायचा आणि भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. वेळही तुम्हीच माझ्या दिवसातून शोधून काढलीत, सकाळच्या अंघोळीनंतर, गरम पाण्याने खांदा जरा सैल झालेला असताना. भीतीवर तुम्ही मला मापच दिलंत. शून्य ते दहा अशी दुखण्याची पट्टी धरायची, व्यायाम करताना चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण थांबल्यावर ते थोड्या वेळात पहिल्याइतकं खाली यायला हवं. रात्रीची झोप उडाली तर ताण जास्त झाला, दुसऱ्या दिवशी कमी करायचा. सांधा फाटत नाहीये, त्याच्याभोवतीचं वेष्टन जाड आणि आखूड झालंय, हे तुम्ही हाताची मूठ रुमालात घट्ट गुंडाळून दाखवलंत. तो रुमाल अजून डोळ्यांसमोर आहे.

निघताना म्हणालात, ‘आता तुम्ही मला शिकवा.’ मी करून दाखवू लागले तर खांदा कानाकडे उचलला जात होता. तुम्ही तो हलकेच खाली दाबलात आणि माझ्याच मोबाइलवर माझ्याच हाताचं चित्रण करून दिलंत. मागे तुमचा आवाज, ‘खांदा खाली... मान सैल...’ पुढचे कित्येक महिने रोज सकाळी तो आवाज आमच्या घरात होता.

बरं वाटू लागल्यावर मी या विषयावर थोडं वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात म्हटलंय, की विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन आजारांचे उपचार सांगितल्याप्रमाणे पाळणारे सरासरी निम्मेच असतात. १९९३ साली नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाने फिजिओथेरपीचे रुग्ण व्यायाम का सोडतात हे तपासलं. त्यात मुख्य कारणं निघाली ती अशी: वाटेतल्या अडचणी, ‘बरोबर चाललंय’ असं सांगणारं कुणी नसणं आणि आपल्या हातात काही नाही ही भावना. १९९९ च्या आणखी एका लहानशा अभ्यासात पासष्टीच्या पुढच्या काही जणांना दोन, काहींना पाच, तर काहींना आठ व्यायाम दिले होते. दोनवाल्यांनी ते आठवाल्यांपेक्षा नीट करून दाखवले. हे वाचताना मला तुमची ती काट आठवत होती. आणि रागही येत होता, की हे इतकी वर्षं माहीत असूनही माणसाच्या हातात नऊ व्यायामांचा कागद का ठेवला जातो.

तुम्ही मला कधी खोटी आशा लावली नाहीत, हेही लिहायलाच हवं. आधीच्या ठिकाणी ‘तीन आठवड्यांत मोकळा होईल’ असं सांगितलं होतं. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, फ्रोझन शोल्डर आधी दुखतो, मग आखडतो, मग हळूहळू सुटतो आणि या सगळ्याला वर्ष, दीड वर्ष, क्वचित त्याहून जास्त लागतं. मधुमेह असलेल्यांना तो जास्त होतो, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. ऐकून मी हबकले होते. पण त्यामुळेच तिसऱ्या महिन्यात फरक दिसेना तेव्हा मी हात टेकले नाहीत. शिवाय भिंत होती. बोटं जिथवर पोहोचतील तिथे दर रविवारी पेन्सिलीने रेघ मारून तारीख घालायला तुम्ही सांगितलं होतंत. पहिली रेघ हनुवटीच्या उंचीला होती. आठवड्या-आठवड्यातलं अंतर बोटाच्या पेराएवढंही नसायचं, पण सहा रेघा एकाखाली एक पाहिल्या की विश्वास बसायचा.

आणि तो फोन. पाचव्या महिन्यात सासूबाई रुग्णालयात होत्या, अकरा दिवस माझ्याकडून काही झालं नाही. शरमेने मी तुमची वेळ रद्द केली. संध्याकाळी तुम्ही स्वतः फोन केलात. मी अडखळत सांगितलं, ‘मॅडम, व्यायाम झालेच नाहीत.’ तुम्ही म्हणालात, ‘झाले असते तर एखादी खेप चुकली असती तरी चाललं असतं. झाले नाहीत, म्हणून मुद्दाम या.’ मॅडम, त्या दिवशी तुम्ही फोन केला नसतात तर मी दुसऱ्यांदा सोडलं असतं, हे मी खात्रीने सांगते. गेले तेव्हा तुम्ही मला ‘वाईट दिवसाचा व्यायाम’ दिलात, फक्त एक मिनिट हात झुलवणं, रुग्णालयाच्या मार्गिकेतसुद्धा जमेल असा. वहीत त्यासाठी वेगळी खूण ठरवलीत, छोटा गोल. रिकामा चौकोन रिकामाच ठेवायचा, त्यातूनच पुढचं ठरवता येतं, असंही सांगितलंत. त्यानंतर मी वहीत एकही खोटी खूण केलेली नाही.

तुमचे आभार कसे मानावेत ते मला सुचत नाही. दिवसभर एकामागून एक रुग्ण, बाहेर थांबलेली माणसं, आणि त्यातही माझ्या पलंगावर सकाळी कोण झोपतं हे विचारायला तुम्ही वेळ काढलात. माझा खांदा सुटला तो तिथून. मनापासून, अगदी मनापासून आभार.

आता शेवटचा अहवाल. हात बाहेर वळतो तो पंचावन्न अंश. भिंतीवरची रेघ दाराच्या चौकटीच्या वर गेलीय. कुशीवर झोप लागते. पाठीमागचं हूक अजून रोज जमत नाही, आठवड्यातून चार दिवस जमतं. टॉवेल पाठीमागे धरून ओढण्याचा व्यायाम अंघोळीनंतर चालू आहे. मागच्या आठवड्यात दोन चौकोन रिकामे आहेत आणि एक गोल.

आपली,
ग्रंथालयातली उजव्या खांद्याची रुग्ण