डुक्कर फियाटचा पत्रा वाचणाऱ्या चाचांना

चाचा, सलाम.

मोबाईलवर तुम्ही काही वाचत नाही, ठाऊक आहे. नातीकडून वाचून घ्या. तोंडावर आभार मानायला गेलं की "चहा सांगू का?" म्हणून तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

ज्यांनी आमची गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फियाट ११००, म्हणजे आपली डुक्कर फियाट. इटलीत हे मॉडेल १९५३ साली आलं आणि पुढच्याच वर्षी प्रीमियरने आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात बांधायला घेतलं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, पुढची दारं उलटी उघडणारी. हे नाव का पडलं ते नाकाड बघितल्यावर कुणी विचारत नाही. आमची गाडी आजोबांनी नारायण पेठेतल्या एका छापखानेवाल्यांकडून सेकंडहँड घेतली. पानशेतच्या पुरात बुडालेली म्हणून स्वस्तात मिळाली, असं आजोबा सांगायचे. काकाचं म्हणणं, ही शुद्ध थाप. आजीने खर्चावरून बोलू नये म्हणून रचलेली. आरसी बुक डुप्लिकेट, त्यामुळे कागदावरून काहीच ठरत नव्हतं.

तुमच्याआधी एका गॅरेजला गाडी दाखवली होती. भंगारात द्या, नाहीतर लांबी म्हणजे पुट्टी भरून, रंग मारून दारात शोभेला ठेवा, असा सल्ला मिळाला. तुम्ही मात्र भावाबद्दल चकार शब्द न काढता बॅटरी घेऊन खाली शिरलात आणि हातोडीच्या दांड्याने ठोकत ठोकत पुढून मागे गेलात. बाहेर येऊन म्हणालात, "हिला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. दाराखालच्या पेट्या कुजल्यात, त्या सोडून बाकी काहीही केलं तर पैसे पाण्यात." मग आधी दारांच्या चौकटीत आडवे पाइप वेल्डिंगचे टाके मारून बसवलेत, दारं जागेवर ठेवलीत, प्रत्येक फट मोजलीत आणि नंतरच पत्र्याला कटर लावलात. आधार न देता कापलं असतं तर गाडी मधोमध बसली असती आणि दारं पुन्हा कधी लागली नसती. तुमचा हाताखालचा पोरगा घाई करत होता, त्याला तुम्ही दिलेली शिवी मात्र इथे लिहीत नाही.

डावी पेटी उघडली आणि तुम्ही मला हाक मारलीत. आत गाळ होता. रस्त्याचा चिखल नव्हे. मऊ, राखाडी, बोटांत धरला तर पिठीसारखा. मला तो कुठलाही गाळ वाटला असता. तुम्ही डॅशबोर्डच्या मागे हात घालून तसाच चिमूटभर काढलात, मग दाराच्या आत, काचेच्या पट्टीच्या जरा खालून. "चाकाने उडालेला चिखल इतका वर चढत नाही. गाडी उभीच्या उभी पाण्यात होती." आजोबा खोटं बोलत नव्हते, हे त्या क्षणी ठरलं. काकाला फोन लावला तर म्हणाला, "बघू." म्हणजे पटलं.

पुढचं तर आजोबांनाही माहीत नव्हतं. छताचं कापड काढल्यावर तुम्हाला चौकोनात चार ठिगळं दिसली, शिशाने भरलेली भोकं. मी म्हटलं कॅरिअरची असतील. "कॅरिअर पन्हळीला अडकवतात, त्याला भोकं कशाला? हा भोंग्याचा स्टँड." मग तुम्ही बारीक पॉलिश पेपरने रंगाचे थर उतरवलेत: वर क्रीम, त्याखाली हिरवट, तळाला मूळचा काळा. शिसं होतं हिरवटाखाली. आणि पेटीतला गाळ हिरवटाच्या उडालेल्या फवाऱ्यावर बसलेला. म्हणजे भोंगा आधी, मग हिरवा रंग, मग पूर, मग क्रीम. इतकी सरळ मांडणी मी इतिहासाच्या तासालाही ऐकली नाही.

तुमच्या सांगण्यावरून मी छापखानेवाल्यांच्या सूनबाईंना भेटायला गेले. नव्वदीच्या घरात आहेत. भोंगा म्हटल्याबरोबर हसल्या. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या प्रचाराला सासऱ्यांनी गाडी दिली होती, आणि नवीन गाडीच्या टपाला भोकं पाडली म्हणून सासूबाई कितीतरी दिवस बोलत नव्हत्या. त्या निवडणुकीत पुण्यातून ना. ग. गोरे लोकसभेवर गेले. घरातला अबोला तेव्हा सुटला की नाही, ते त्यांना आठवत नाही.

पुराचं त्यांना लख्ख आठवतं. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं, आणि नदीकाठच्या पेठा, डेक्कन, सगळं पाण्याखाली. गाडी वाड्याच्या चौकात उभी होती. छापखान्यातले अक्षरांचे खिळे महिनाभर चिखलातून वेचत होतो, म्हणाल्या. पाणी ओसरलं तर प्यायला पाणी नाही, कारण शहराचं पाणी यायचं तेच मुळी खडकवासल्यातून. अशा दिवसांत गाडी कोण धुणार? बाहेरून बादलीभर पाणी मारलं आणि गिऱ्हाईक शोधलं. ते आमचे आजोबा.

चाचा, तुम्ही पत्रा चांगला ठोकता हे पुण्यात पुष्कळांना माहीत आहे. मला आभार मानायचेत ते हात थांबवल्याबद्दल. ती चार ठिगळं बुजवून सपाट करणं तुम्हाला सोपं होतं. तुम्ही वरून रंग दिलात, पण आतून शिसं उघडं ठेवलंत आणि सीटवाल्याकडून छताच्या कापडाला तेवढ्या जागी चेन लावून घेतलीत. पाहुणे आले की काका ती चेन स्वतः उघडून दाखवतो, आणि सगळा शोध आपणच लावला अशा थाटात सांगतो. तुम्ही समोर असलात तरी सांगेल, तयारी ठेवा.

आता कामाचं. बिलात पत्रा, गॅस, रंग सगळं धरलंय, पण गाळ खरवडून बाटलीत भरण्यात गेलेल्या दिवसांची मजुरी दिसत नाही. ती लावून बिल पुन्हा पाठवा, नाहीतर मी आईला पाठवते, तिच्याशी घासाघीस तुम्हाला जमणार नाही. आणि हॉर्न अजून वाजत नाही. तुमच्या त्या वायरमनचा नंबर द्या.

तुमची,
डुक्करवाली