त्या प्रयोगात गंमत कसली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अकरावीच्या विद्यार्थ्यांना मानसशास्त्राच्या दृष्टिकोनांची ओळख करून देणारा पुरवणीतला लेख काल वाचला. हा विषय कुणी मराठीतून समजावून सांगतो याचे मला, आयुष्यभर तो शिकवलेल्या बाईला, खरेच समाधान आहे. पण वर्तनवादाच्या (मनापेक्षा बाहेर दिसणारे वर्तन अभ्यासणाऱ्या दृष्टिकोनाच्या) चौकटीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉटसन यांच्या प्रयोगाला ‘गमतीदार’ म्हटले आहे. ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे.

गंमत कसली? अल्बर्ट नावाचा तान्हा मुलगा नऊ महिन्यांचा असताना तो पांढऱ्या उंदराला भीत नाही, हे आधी तपासून घेतले. अकरा महिन्यांचा झाल्यावर त्याने उंदराकडे हात नेला की त्याच्या पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा हाणायचा. बाळ दचकायचे, रडायचे. पुढे नुसता उंदीर दिसला तरी रडू लागले, मग सशाला आणि केसाळ कोटालाही भिऊ लागले. वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी १९२० साली हे प्रसिद्ध केले. ती भीती काढून टाकण्याआधीच बाळ तिथून गेले. तुमच्या लेखात नेमकी हीच गोष्ट गाळली आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या लहानग्याची सशाची भीती घालवली. तो आवडीचे खात असताना ससा हळूहळू जवळ आणत गेल्या. तोही वर्तनवादच. मग पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना उदाहरण द्यायला तो का सुचू नये?

लेखाच्या शेवटी संशोधनातील नीतिमूल्ये आली आहेत: संमती, गोपनीयता, माघार घेण्याची मुभा. दोन गुणांचे उत्तर लिहायला तेवढे पुरेल. मुलांवर प्रत्यक्षात काय गुदरते ते मी घरात पाहिले आहे.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याच्या वर्गात प्रकल्प म्हणून चिंता मोजणारी प्रश्नावली वाटली. वर नाव आणि हजेरी क्रमांक. घरातल्या भांडणांविषयीचे दोन प्रश्न त्याने कोरे ठेवले, तर ‘पूर्ण भर, नाहीतर प्रात्यक्षिकाचे गुण मिळणार नाहीत’ असे सांगण्यात आले. त्याने भरली. मग कागद बाकाबाकांवर फिरवून मुलांकडूनच तपासून घेतले आणि प्रत्येकाचे चिंतेचे गुण मोठ्याने वाचले. त्याचे सगळ्यांत जास्त होते. त्या दिवसापासून वर्गात त्याचे नाव ‘टेन्शन’ पडले. पोरगा सकाळी पोट दुखते म्हणून घरी राहू लागला. मला म्हणाला, ‘आत्या, ते दोन प्रश्न सोडले असते तर कुणाचे काय बिघडले असते?’ मी महाविद्यालयात जाऊन विचारले. उत्तर मिळाले की हा मुलांचा प्रकल्प आहे, संशोधन थोडेच आहे!

माणसे हुकूम कुठवर पाळतात हे पाहणाऱ्या मिलग्रॅम यांच्या प्रयोगात, उत्तर चुकले की समोरच्याला वाढता विजेचा शॉक द्यायला सांगितले होते; ४० पैकी २६ जणांनी ४५० व्होल्टचे शेवटचे बटण दाबले. शॉक खोटे होते, पण दाबणाऱ्यांना ते माहीत नव्हते. कुणी थांबू पाहिले की प्रयोगकर्ता शांतपणे पुढे चालू ठेवायला सांगायचा. हे शिकवणाऱ्याच वर्गात, नको म्हणणाऱ्या मुलाला गुणांची भीती घालून कागद भरायला लावतात, याची मला चीड येते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आरोग्यविषयक संशोधनासाठी आहेत. त्यांत सात ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीबरोबर खुद्द मुलाचा होकारही मागितला आहे, बारा वर्षांपुढे तर लेखी. वर्गातला प्रकल्प त्या कक्षेत येत नाही, असे कुणी म्हणेल. पण मुलाला आधी विचारण्यासाठी कुठल्या परिषदेचा कागद लागतो का? आणि अकरावीला प्रात्यक्षिकांची वानवा नाही. आरशात बघून चांदणी गिरवायला लावा, अंकांची स्मरणकक्षा (एका वेळी किती अंक लक्षात राहतात ते) मोजा, सारख्याच लांबीच्या रेषा लहानमोठ्या भासवणारा म्यूलर-लायरचा भ्रम दाखवा. आम्ही वर्षानुवर्षे हेच करून घेतले. त्यासाठी कुणाच्या घरातली भांडणे बाहेर काढावी लागली नाहीत. प्रश्नावली द्यायचीच असेल तर नावाशिवाय द्या, कागद शिक्षकांनी स्वतः गोळा करावेत आणि कोरा परत आला तर तो तसाच घ्यावा.

आणखी एक, आणि हे थेट तुम्हाला. लेखासोबतच्या छायाचित्रात वर्गातली मुले प्रश्नावली भरताना दिसतात. पहिल्या बाकावरच्या मुलीचा चेहरा स्पष्ट आहे आणि तिने कुठे खुणा केल्या तेही वाचता येते. गोपनीयतेवरचा परिच्छेद त्याच पानावर, त्या छायाचित्राला लागून आहे. तिला किंवा तिच्या पालकांना कुणी विचारले होते का, ते वाचकांना कळवावे. छापलेला अंक आता परत घेता येणार नाही, पण ई-पेपरमधून ते छायाचित्र आजच काढावे, ही विनंती.

एक निवृत्त शिक्षिका, सांगली