दात बघता, पाठही बघा

महोदय,

माझ्या तेरा वर्षांच्या मुलीचा कणा वाकतोय, हे आम्हाला शिंप्याने सांगितलं. गणवेशाचं माप घेताना त्याला एक खांदा खाली दिसला. आम्ही काय केलं, तर दुकानातून साइज बघून तयार पट्टा आणला. चार महिने फुकट गेले. एक्स-रेत बाक २८ अंशांचा निघाला.

वाढत्या वयात साधारण २५ ते ४० अंशांच्या बाकाला ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा कडक आधार, देतात. तो मुख्यतः बाक वाढू नये म्हणून असतो आणि अंगाच्या मापानेच बनवावा लागतो. मापासाठी अंगावर ओलं प्लास्टर लावताना लेकीला गुदगुल्या होत होत्या. ती हसली की तंत्रज्ञ काका हात थांबवायचे. आता रोज अठरा तास घालते. आतून सुती बनियन असूनही मेमध्ये कमरेला घामोळं आलंच.

वानवडीत १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र असलेल्या या शहरात मी असे ब्रेस बनवणारा ‘ऑर्थोटिस्ट’ कुठे भेटेल विचारलं, तर एकाने चष्म्याचं दुकान दाखवलं!

शाळेच्या आरोग्य तपासणीत दात, डोळे, वजन बघतात. मुलांना पुढे वाकवून पाठ बघायला मिनिटही लागत नाही. महापालिकेने निदान आपल्या शाळांत तरी जूनपासून हे सुरू करावं.

– एक पालक, कोथरूड, पुणे