मालक, तुमचा पेपर आमच्याकडं आलाय

मालक, नमस्कार.

तुम्हाला आम्ही आठवणार नाही. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या तुमच्या दिव्यांच्या दुकानात दिवसभर माणसांची रीघ असते. गेल्या महिन्यात एका दुपारी एक बाई आणि तिची सासू आल्या होत्या. सासूच्या हातात भाजीची पिशवी आणि बाईच्या तोंडावर भांडायची तयारी. ती बाई मी.

राग तुमच्यावर नव्हता, आधीच्या ठिकाणचा उरला होता. घर नवं केलं म्हणून एका मोठ्या शोरूममधनं दिवे घेतले होते. नवं म्हणजे शुक्रवार पेठेतलं जुनंच. 2021 च्या पुरानंतर जमेल तसे पैसे साठवून दुरुस्त केलेलं. शोरूममधल्या पोरानं सगळं आमच्या ह्यांच्याकडं बघून सांगितलं. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर ह्यांना. आईंना तर "आजी, तुम्ही तिकडं सोफ्यावर बसा" म्हणून बाजूलाच केलं. बिल साडेअठरा हजार. चौथ्या महिन्यात हॉलमधलं झुंबर लुकलुकायला लागलं. तर म्हणे आतली एलईडी बदलत नाही, अख्खं फिटिंगच नवं घ्या. आणि वॉरंटी कार्डावर शिक्का नाही. शिक्का मारायचा होता कुणी, आम्ही?

झुंबराचं एवढं काही नाही. हाल झाले ते आईंचे. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय. घरभर 6500 केल्विनचा पांढराफेक उजेड, दवाखान्यात असतो तसा. दिवेलागणीला पदर डोळ्यांवर ओढून बसायच्या. पेपर वाचायचा बंद झाला. "डोळं गेलं बाई माझं," म्हणायच्या, आणि खरं सांगते, आम्हीही तसंच धरून चाललो होतो.

तुम्ही बजेट विचारलं नाही. विचारलंत, "उजेड कुणाला पाहिजे?"

मी आईंकडं बोट दाखवलं. मग तुम्ही जे केलंत त्याच्यासाठी हे पत्र. काउंटरमागची तुमची स्वतःची प्लास्टिकची खुर्ची पुढं आणून ठेवलीत आणि पोराला म्हणालात, "सगळं बंद कर." छताला टांगलेले, भिंतीवरचे, शोकेसमधले, सगळे दिवे एका दमात विझले. रेग्युलेटर घ्यायला आलेला एकजण ओरडला, "लाईट गेली काय?" "पाच मिनटं थांबा की ओ," एवढंच बोललात. शंभर दिवे एकदम पेटलेले असताना त्यातला एक कसा आहे ते कुणाला कळणार, हे त्या अंधारात माझ्या डोक्यात आलं. शोरूममध्ये सगळंच झगमगत होतं, म्हणून तर फसलो.

काउंटरवरचा पेपर आईंच्या हातात दिलात. "आक्का, वाचा बघू." एक बल्ब धरलात, मग दुसरा. आईंनी एक डोळा मिटला, मग दुसरा, आणि पोरासारख्या म्हणाल्या, "ह्या डोळ्याला निळं दिसतंय, ह्याला पिवळं." मला वाटलं, आता हसणार सगळे. तुम्ही म्हणालात, "बरोबर हाय आक्का. माझ्या आईलाबी तसंच दिसायचं. ऑपरेशनच्या डोळ्यातलं पिवळं पडलेलं भिंग काढून टाकलंय, दुसऱ्यातलं अजून तसंच हाय."

आई माझ्याकडं बघत राहिल्या. इतक्या महिन्यांत त्यांना वेड लागलं नाही असं सांगणारे तुम्ही पहिले.

मग 3000 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, 9 वॅटचा बल्ब साध्या शेडमध्ये घालून त्यांच्या डाव्या खांद्यामागनं धरलात. "वॅट वाढवू नका, दिवा जवळ आणा." आणि आईंनी गुळाच्या सौद्यांची बातमी मोठ्यानं वाचली. पहिल्या ओळीपासनं शेवटच्यापर्यंत. रेग्युलेटरवालासुद्धा गप उभा होता. "किरणोत्सवातल्या उन्हासारखा हाय गं उजेड," म्हणाल्या. दर नोव्हेंबरला मावळतीचं ऊन अंबाबाईच्या पायांवर येतं, ते बघायला त्या गर्दीत उभ्या राहतात, तेव्हा त्यांच्या तोंडून ही मोठीच पावती.

पायऱ्यांच्या फूटलाइटचंही सांगायलाच पाहिजे. डेकोरेटरनं जिन्यात सहा खाचे पाडून ठेवले होते. तुम्ही विचारलंत, "पेठेत ऱ्हाताय, पाणी कुठवर आलतं?" म्हटलं, 2019 ला कमरेला, 2021 ला छातीला. "मग पायऱ्यांत दिवं कुणासाठी? माशांस्नी?" आणि बाहेर काढलेला बॉक्स परत फळीवर ठेवलात. पंचगंगा 43 फुटांवर गेली की आम्ही सामान माडीवर चढवतो, हे माहीत असूनही आमच्या एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. उलट तुम्हीच सांगितलंत की खालच्या मजल्याला वेगळी एमसीबी, म्हणजे वीज तोडायचा खटका, घ्या, पाणी यायच्या आत तेवढाच भाग बंद करता येतो. वायरमननं तसं करून दिलंय.

स्वयंपाकघराला 4000 केल्विनचा, बाकी सगळीकडं 3000 चे, आणि होल्डर असे की बल्ब गेला तर बल्बच बदलावा. बिल झालं 2,340. मोठा माल खपवायची संधी समोर बसली होती, पिशवी घेऊन. आपल्याकडं दिलदारीच्या गप्पा फार, आम्ही कोल्हापूरकर म्हणजे अमुक आणि तमुक. म्हातारीला खुर्ची देऊन स्वतः उभा राहणारा दुकानदार मला मात्र एवढ्या सगळ्या खरेदीत एकच भेटला.

आता एक कबुली. तुमचा तो पेपर आईंनी घडी घालून मेथीच्या जुडीबरोबर पिशवीत टाकला, घरी आल्यावर सापडला. मागच्या पानावरचं शब्दकोडं तुम्ही अर्धं सोडवलं होतं. त्याच रात्री खांद्यामागचा दिवा लावून त्यांनी ते पुरं केलं. पेपर आणून देते. तेवढं सात उभं तुमचं चुकलंय, असा त्यांचा निरोप आहे.