आधी महानगर नियोजन समिती भरा

महोदय,

मुळशी तालुक्यातल्या एका गावात मी दोन वेळा ग्रामपंचायत सदस्य होते. 2021 च्या ऑगस्टमध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, म्हणजे पीएमआरडीएचा, प्रारूप विकास आराखडा आला, तेव्हा आमच्याकडे भातलावणी नुकतीच उरकली होती. मोबाइलवर गट नंबर दिसेनात, म्हणून पौडहून मोठी प्रिंट काढून आणली आणि देवळाच्या ओट्यावर पसरली. शेजारच्या वहिनींनी ओढ्यावरून बोट फिरवत आपलं खाचर शोधलं. रस्त्याची रेघ त्यांच्या बांधापलीकडून गेली होती. हायसं वाटलं तरी त्यांनी विचारलंच, "पण ही रेघ मारली कुणी?"

मला सांगता आलं नाही. आज विचारलं तरी मी अडखळेन. रिंग रोड पाहतं रस्ते विकास महामंडळ, हिंजवडीची औद्योगिक वसाहत एमआयडीसीची, माणपासून शिवाजीनगरपर्यंतची 23 किलोमीटरची मेट्रो पीएमआरडीए खासगी कंपनीच्या भागीदारीत करतंय. इतक्या संस्थांनी मिळून काम करायला माझी ना नाही, एकट्या ग्रामपंचायतीला मेट्रो झेपणार नाही हे मलाही कळतं. पण यांतल्या एकाही संस्थेत आमच्या मतावर बसलेलं कुणी नाही. पीएमआरडीएचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात, हे खरं. मात्र ओढ्याकाठच्या खाचराचा जाब मुख्यमंत्र्यांना विचारायला आम्ही जायचं कुठे?

राज्यघटनेने याची सोय करून ठेवली आहे. 74 व्या दुरुस्तीतल्या अनुच्छेद 243 झेड-ई प्रमाणे महानगर क्षेत्राचा विकास आराखडा महानगर नियोजन समितीने तयार करायचा असतो. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडून द्यायचे असतात. म्हणजे सरपंचालाही तिथे जागा आहे! पण मार्च 2022 पासून पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांवर प्रशासक आले. जिथून बहुतेक सदस्य यायचे ती सभागृहंच कित्येक वर्षं रिकामी राहिली. पीएमआरडीएच्या त्या आराखड्यावर सुमारे 67 हजार हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि 2025 मध्ये तो सरकारने रद्दच केला. ज्यांनी रोजगार बुडवून हरकती लिहिल्या, त्यांचे कागद आता कुठल्या कपाटात असतील?

हरकत घेणारा माणूस आराखडा ठरून गेल्यावर येतो. समितीत बसलेला माणूस तो ठरत असताना बोलतो. मला हा फरक फार मोठा वाटतो.

आता महापालिकांच्या निवडणुका झाल्या आहेत. नव्या आराखड्याची पहिली रेघ मारण्याआधी समितीच्या निवडणुका घ्या. तिच्या बैठकांची इतिवृत्तं मराठीत गावोगावी पाठवा. आणि नकाशा चावडीवर लावाल तेव्हा गट नंबर वाचता येतील एवढा मोठा लावा. प्रिंट काढायला पौड गाठायची वेळ आणू नका.

— एक माजी ग्रामपंचायत सदस्या, ता. मुळशी, जि. पुणे