वहीच्या समासातल्या उत्तरांबद्दल

ग्रंथालयातल्या ताईंना,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच ‘मुदत वाढवून देऊ का?’ असं विचारून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. आता शेवटपर्यंत वाचावंच लागेल.

देवघेवीच्या टेबलावर तुम्ही ‘सध्या काय वाचताय?’ असं लिहून एक लांबट वही ठेवलीत. अशा वह्यांचं काय होतं ते आपण जाणतोच. ‘अप्रतिम’ आणि ‘संग्राह्य’ यांच्यापुढे गाडी जात नाही. तुम्ही मात्र पहिल्याच पानावर अट घातलीत: आवडलं की नाही ते सांगू नका, कुठे अडलात ते लिहा, पान क्रमांकासकट. ऐतिहासिक कादंबऱ्या आणि चरित्रं वाचणाऱ्या आम्हा मंडळींना ती फारच मानवली. आमचं पावलोपावली अडतं. हा प्रसंग खरंच घडला का, याला कागद आहे का, हा माणूस खरोखर असा बोलत असेल का! आणि खाली समासात तुमच्या पेन्सिलीचं उत्तर: एका पुस्तकाचं नाव, दाखल क्रमांक, बस.

थोरल्या माधवराव पेशव्यांवरच्या रणजित देसाईंच्या ‘स्वामी’बद्दल मी लिहिलं होतं की थेऊरच्या, त्यांच्या अखेरच्या दिवसांच्या प्रकरणांपुढे जाववत नाही. तुम्ही इतिहासकार गो. स. सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’चा माधवरावांवरचा खंड सुचवलात. तिथे डोळे पुसायला सवडच नाही. 1761 मध्ये सोळाव्या वर्षी पेशवाई, 1763 मध्ये राक्षसभुवनावर निजामाचा पराभव, 1768 मध्ये धोडपला चुलत्याचं, राघोबादादांचं, बंड मोडून काढणं, आणि 18 नोव्हेंबर 1772 ला सगळं संपलं. शेवटच्या आजारपणात त्यांनी कलमांची यादी करवली, तिच्यात दौलतीचं कर्ज फेडण्याचीही काळजी आहे. रमाबाईंशी कादंबरीत होणाऱ्या बोलण्याला दप्तरात कागद सापडायचा नाही, कर्जाला आहे. पण गंमत अशी, की रियासत वाचल्यावर ‘स्वामी’ फिकी पडली नाही. देसायांनी कुठली जागा मोकळी पाहिली आणि तिथे काय भरलं, ते दिसायला लागलं.

मात्र तुमचे खरे उपकार डॉक्टर आनंदीबाई जोशींच्या बाबतीतले. त्यांच्यावर आणि त्यांचे पती गोपाळराव यांच्यावर लिहिलेली श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी वाचून कुणीतरी वहीत विचारलं होतं, ‘गोपाळराव खरंच इतके विक्षिप्त होते का?’ त्याखाली तुम्ही दोन नावं लिहिलीत: आनंदीबाईंच्याच काळातल्या काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र, आणि शंभर वर्षांनंतर अंजली कीर्तने यांनी लिहिलेलं. प्रश्न माझा नव्हता, पण दोन्ही पुस्तकं मीच उचलली. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र त्याच्या मासिकात छापून येतं. ते अंक अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या हाती पडतात, तेही दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसल्या असताना. आणि त्या या अनोळखी मुलीला पत्र लिहितात. कादंबरीकाराने हे रचलं असतं तर ‘योगायोग जरा जास्तच झाला’ म्हणून आपणच नाक मुरडलं असतं.

पण मी अडले ती दुसऱ्याच ठिकाणी. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाई लहानपणी खाल्लेल्या माराचा हिशोब मांडतात. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकून. आणि त्याच पत्रात त्या म्हणतात, की तुमची वागणूक चांगली होती की वाईट हे ठरवणं कठीण आहे. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. गोपाळरावांना वेडा ठरवून किंवा थोर ठरवून मोकळं व्हायची सोय त्या वाक्याने काढून घेतली. 1886 मध्ये डॉक्टर होऊन आलेली ही बाई पुढच्याच फेब्रुवारीत वारली, वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत त्यांच्या कुटुंबाच्या जागेत तिचा दगड उभा राहिला.

मी वहीत लिहिलं, ‘आता कादंबरीची गरज उरली नाही.’ तुमचं उत्तर ठरलेलं: ‘आनंदी गोपाळ’, आणि त्याचा दाखल क्रमांक. मला राग आला होता, खरं सांगते. तरी नेली. आणि या खेपेला घरातल्या त्या दोघांमधला ताण ऐकू आला, जो पत्रांच्या तारखांमधून ऐकू येत नाही. कादंबरीवाल्यांना चरित्र आणि चरित्रवाल्यांना कादंबरी देण्याचा तुमचा हा खाक्या तेव्हा कळला.

इतिहासकार शेजवलकरांचं ‘श्री शिवछत्रपती’ही तुमच्यामुळेच हाती आलं. संकल्पित चरित्राची नुसती प्रस्तावना, आराखडा आणि साधनं. चरित्र लिहायचं राहूनच गेलं. त्याला 1966 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, यात नवल वाटत नाही. ज्यांना शिवचरित्र म्हणजे फक्त रोमांच हवे असतात, त्यांना तुम्ही ते आवर्जून देता, हेही मी पाहिलंय.

सध्या माझ्याकडे ना. सं. इनामदारांची ‘झुंज’ आहे. यशवंतराव होळकरांच्या बाजूने 1802 ची हडपसरची लढाई, म्हणजे पेशव्यांच्या फौजेचा पराभव, वाचताना पेशवा दुसऱ्या बाजीरावाची कीव करायची की चीड, हेच समजेना. मग लक्षात आलं की त्याच बाजीरावाची बाजू याच लेखकाने ‘मंत्रावेगळा’मध्ये मांडली आहे. एकाच माणसाने दोन्हीकडची वकिली घ्यायची म्हणजे कमाल आहे! तेव्हा या वेळी जोडीची कादंबरी माझी मीच शोधली. तुम्ही फक्त यशवंतरावांच्या एखाद्या चांगल्या चरित्राचा क्रमांक समासात लिहून ठेवा. शनिवारी येतेच आहे.

मनापासून आभार.

तुमची एक सभासद